ट्रेडमिल, हृदयाची गोळी आणि दहा-दहा माणसं

गेल्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, बाबांना बीटा ब्लॉकर चालू आहे. जिना चढले, धाप लागली, पण घड्याळात हार्ट रेट 90 च्या वर जातच नाही. घड्याळ बिघडलंय का?"

बहुतेक नाही. त्या गोळीचं कामच ते. आपण चढतो, पळतो तेव्हा अॅड्रेनलिन हृदयाला सांगतं, 'चल, जोरात!' गोळी तो निरोप नीट पोचू देत नाही. ठोके कमी वाढतात, हृदयाला ऑक्सिजनही कमी लागतो. म्हणून अँजायनाचा पेशंट छातीत न दुखता जास्त चालू शकतो. धडधाकट माणूस मात्र तीच गोळी घेऊन लवकर दमतो. गंमत आहे ना?

आता खरा प्रश्न. तेवढ्याच गोळीनं सगळ्यांचे ठोके तेवढेच उतरतात का?

1989 साली अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. 10 चिनी वंशाचे पुरुष, 10 गोरे अमेरिकन. सगळ्यांना प्रोप्रॅनोलॉल दिलं, ट्रेडमिलवर चालवलं, ठोके मोजले आणि रक्तातलं औषधही मोजलं. चिनी पुरुषांमध्ये औषधाचा असर निदान दुप्पट दिसला. म्हणजे रक्तात निम्मं औषध असतानाच ठोके तेवढे खाली. तुम्ही म्हणाल, त्यांच्या शरीरात औषध साचत असेल. उलट! त्यांचं शरीर ते जास्त वेगानं बाहेर टाकत होतं. नुसतं रक्तातलं औषध मोजलं असतं तर अंदाज साफ चुकला असता. मला हा भाग जाम आवडतो.

पण थांबा. 10 आणि 10! शिवाय सगळे पुरुष. एवढ्यावरून कोट्यवधी लोकांचा डोस ठरवायचा?

दुसरी गोष्ट बायडिलची. हार्ट फेल्युअरच्या 1050 पेशंटवर चाचणी झाली, सगळे स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे अमेरिकन. नेहमीच्या उपचारांसोबत हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू 6.2 टक्के, डमी गोळीवाल्यांत 10.2 टक्के. जीव वाचले, यात वाद नाही. 2005 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, ती फक्त कृष्णवर्णीय पेशंटसाठी. पण त्या चाचणीत दुसरं कुणी नव्हतंच! मग बाकीच्यांना फायदा कमी होतो, हे त्यातून कळणार कसं? आणि कातडीचा रंग म्हणजे जीन्स नव्हेत. खाणंपिणं, ब्लडप्रेशर, डॉक्टरपर्यंत पोचायची ऐपत, सगळं त्यात मिसळलेलं असतं.

तर मित्रा, बाबांचा डोस 'आपण भारतीय' म्हणून इंटरनेट बघून कमी करू नकोस. आणि गोळी एकदम बंद तर मुळीच नको, त्यानं अँजायना उसळू शकतो, हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. आठवडाभर बसलेले असताना आणि जिना चढल्यावर ठोके लिहून ठेव. धाप नवीन आहे की जुनीच, तेही लिही. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. धाप वाढत असेल तर आठवडा थांबू नकोस, आजच फोन कर.