तिचं जरा थांबणं
एकाच कचेरीतल्या दोघांना विचारा, इथलं वातावरण कसं आहे? तो चटकन म्हणतो, ‘अगदी घरच्यासारखं!’ ती जरा थांबते. संध्याकाळी सातची बैठक त्याला कामाचाच भाग वाटते. तिच्या डोळ्यांपुढे पाळणाघर बंद व्हायची वेळ येते. चहाच्या टपरीवर ठरलेलं तिला दुसऱ्या दिवशी कळतं. मला तिचं ते थांबणं फार मोलाचं वाटतं.

तिच्या अशा अडचणींची दखल कायद्यानेही घेतली आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभाही दिली. २०१३ च्या कायद्याने दहा जणांच्या कचेरीतही लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती सक्तीची केली. या समितीच्या अध्यक्ष महिलाच असतात. तुमच्या कचेरीत त्या कोण आहेत, ठाऊक आहे?