मेणबत्तीच्या पोटातली चिप

दिवाळी जवळ आली की निफाड, पिंपळगाव, लासलगावच्या बाजारात पाण्यावर पेटणारे दिवे दिसायला लागतात. पणतीच्या आकाराचा प्लास्टिकचा दिवा. पाणी ओतलं की लागतो, काढलं की विझतो. तेल नको, वात नको. बाई आधी हसते, मग भाव विचारते. यंदा आमच्या गटात विषय निघाला. आपण मेणबत्त्या करतो, पणत्या रंगवतो. त्या सोडून हेच दिवे आणून विकायचे का?

पैसे घालण्याआधी आम्ही एक दिवा उघडून पाहिला. आत बारीक एलईडी, गोल बटणासारखे सेल आणि पाण्याला लागणारे धातूचे दोन ठिपके. पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून थोडी वीज वाहते. दोन ठिपके पाण्यानं जोडले गेले की दिवा लागतो. ओलं बोट ठेवलं तरी लागतो. म्हणजे पाणी हे त्याचं बटण आहे. जळतो तो सेल. सेल संपला की कितीही पाणी ओता, दिवा लागत नाही.

दुसरी गंमत लुकलुकणाऱ्या मेणबत्तीची. तिच्यात एवढीशी चिप असते. संगणकाच्या कुळातलीच म्हणा. ती सतत आकडे बदलत राहते आणि त्याप्रमाणे उजेड कमी-जास्त होतो. आपल्याला वाटतं, ज्योत वाऱ्यानं हलतेय. मोबाईलवरच्या मेणबत्तीला तर फुंकर मारली की ती विझते. फुंकरीचा आवाज फोनचा माईक ऐकतो, एवढंच.

याच्या उलटंही लोकांनी केलंय. खऱ्या मेणबत्तीच्या उष्णतेवर वीज तयार केलीय. दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, तर वीज निर्माण होते. ही गोष्ट १८२१ साली सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाला दिसली. एका मेणबत्तीची उष्णता साधारण ८० वॉट असते, पण तिच्यातला फार थोडा भाग वीज होतो. त्यावर एलईडी लागेल, संगणक चालणार नाही. उजेड मोजायचं माप मात्र आजही मेणबत्तीवरूनच आलंय. त्याला कॅन्डेला म्हणतात. मोबाईलचा पडदा किती उजळ, हेही त्याच मापात सांगतात.

आता गमतीपलीकडची गोष्ट. हे गोल सेल लहान मूल पटकन तोंडात घालतं. सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यात त्याची वीज वाहते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. म्हणून दिवा घेताना सेलचं झाकण स्क्रूनं बसवलेलं आहे का ते पाहा. नुसतं नखानं निघत असेल तर लहान मुलाच्या घरात तो दिवा नको. वापरलेला सेलही हाताला लागेल असा ठेवू नका. मुलानं सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका. सरळ दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.

मग गटानं काय ठरवलं? नुसते तयार दिवे आणून विकले तर आपल्या हाताला काम राहत नाही, आणि दिवा बंद पडला की गिऱ्हाईक आपल्याच दारात येतं. म्हणून सेल बदलता येईल अशा लुकलुकणाऱ्या ज्योती थोड्याच आणायच्या. त्यांच्याभोवती मेणाचं कवच, रंगवलेली पणती आपण करायची. मेण वितळत नाही, त्यामुळे कवच पुढच्या वर्षीही चालतं. सोबत आपल्या नेहमीच्या मेणबत्त्या आहेतच. वीज गेली की सेल शोधण्याआधी हात तिकडेच जातो.

तुमच्या गटात अशी नवी वस्तू आली तर तीन प्रश्न विचारा. आत काय आहे? बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि त्यात आपल्या हातचं काम किती? उत्तरं वहीत लिहा, मगच गटाचे पैसे काढा.