नववीतले नागरिकशास्त्र

माध्यमिक शाळेतील नागरिकत्वाचा अभ्यासक्रम आखताना आधी सोडवावा लागतो तो वयाचा प्रश्न. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या, गेली काही वर्षे वापरात असलेल्या पाठ्यपुस्तकांत ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि जिल्हा प्रशासन सहावीत येते. सातवीत संविधानाची ओळख होते. आठवीत संसद, न्यायव्यवस्था आणि राज्यशासन, तर नववीत परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि संयुक्त राष्ट्रे. दहावीत निवडणूक, पक्ष आणि चळवळी. जवळच्यापासून दूर जाणारी ही मांडणी वरवर तर्कशुद्ध दिसते. अडचण अशी की नगरपरिषद शिकवली जाते तेव्हा मूल अकरा-बारा वर्षांचे असते. अंदाजपत्रकातील आकडे वाचण्याची, तक्रारअर्ज लिहिण्याची आणि दोन बाजू ऐकून मत बनवण्याची ताकद त्याच्यात येते ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी, आणि तोवर नगरपरिषद पुस्तकातून निघून गेलेली असते.

यावर उपाय नववीतच शोधावा लागेल. दहावीत इतिहास व राज्यशास्त्र यांची मिळून ४० गुणांची प्रश्नपत्रिका असते आणि तीत राज्यशास्त्राचा वाटा लहान असतो. त्या वर्षी नव्या प्रयोगाला वेळ कोणतीही शाळा देणार नाही. पालकही देऊ देणार नाहीत. नववीला मात्र बोर्डाची परीक्षा नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर राज्याचा अभ्यासक्रम नव्याने आखला जात असताना हा बदल मागण्याची वेळही योग्य आहे. तोपर्यंत आठवड्याला एक जोडतास मिळाला तरी शाळेला आपल्या पातळीवर बरेच करता येते.

उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात या अभ्यासक्रमाचा क्रम पुस्तकातील प्रकरणांवर बेतण्याची गरज नाही. तालुक्याचे वर्षच तो ठरवून देते. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी वाढते. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असतात. दिवाळीच्या आसपास जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ऊसदराच्या मागणीसाठी शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते आणि गाळप हंगाम सुरू होतो. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, २५ जानेवारीला मतदार दिवस, आणि वर्ष संपता संपता नगरपरिषदेचा अर्थसंकल्प. प्रत्येक विषय गावात चर्चेला असतानाच वर्गात यावा.

पुरापासून सुरुवात करणे सोपे आहे, कारण २०१९ आणि २०२१ चे पूर इथल्या जवळपास प्रत्येक घराने पाहिले आहेत. घरात पाणी शिरल्यावर पंचनामा कोण करतो, तलाठ्याकडून तहसीलदाराकडे कागद कसा जातो, अनुदानाच्या यादीत नाव नसेल तर दाद कोठे मागायची, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ जिल्हाधिकाऱ्यांना कोणते अधिकार देतो, हे सारे शासनव्यवस्थेचेच धडे आहेत. त्यापाठोपाठ कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद येतो, आणि शिक्षकाची खरी कसोटी इथे लागते. कृष्णा पाणी तंटा लवादाने डिसेंबर २०१० मध्ये कर्नाटकाला ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवण्याची मुभा दिली. धरणाची उंची वाढली तर फुगवट्याचा फटका बसेल, अशी नदीकाठच्या शेतकऱ्यांची भीती आहे. राज्य शासनाने २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही, आणि तो निष्कर्ष अनेकांना मान्य नाही. या तिन्ही भूमिका वर्गासमोर यायला हव्यात. विजयपूर-बागलकोटच्या दुष्काळी शेतकऱ्याला ते पाणी का हवे आहे, ही चौथी बाजूही मांडावी. सीमाभागातील मुलांना ती समजणे फार गरजेचे आहे.

वादग्रस्त विषय शिकवण्याबद्दल जर्मनीत १९७६ साली बॉयटल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांची बैठक झाली. तिच्यातून पुढे आलेली तीन सूत्रे आजही उपयोगी पडतात. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादायचे नाही. समाजात आणि अभ्यासकांमध्ये जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. स्वतःचे हित कशात आहे आणि परिस्थितीवर आपला प्रभाव कसा पाडता येईल, याचा विचार विद्यार्थ्याला करता आला पाहिजे. या सूत्रांचा आधार घेतला तर ‘राजकारण शाळेत नको’ या भीतीने विषय टाळण्याचे कारण उरत नाही. शाळेत नको आहे तो पक्षप्रचार. विचारपूर्वक केलेली राजकीय चर्चा शाळेतच शिकवली नाही, तर मूल ती चौकातील फलकांवरून आणि मोबाइलवरून शिकते.

तालुक्यातील नांदणीच्या जैन मठातील हत्तिणीचे प्रकरण अशा वादग्रस्त विषयाचे अगदी ताजे उदाहरण. प्राण्याच्या आरोग्याचा मुद्दा आणि मठाची शतकांची परंपरा यांचा पेच न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हत्तिणीला जामनगरच्या केंद्रात हलवण्याच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो बदलला नाही. तालुका रस्त्यावर उतरला, मूक पदयात्रा निघाली, त्या केंद्रामागील उद्योगसमूहाच्या मोबाइल सेवेवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन झाले. शाळकरी मुलांनी हे सारे जवळून पाहिले. न्यायालयाचा निकाल न पटणे आणि तो न पाळणे यांत फरक काय, पुनर्विचाराची वाट कोणती, मुक्या प्राण्याची बाजू कायद्यात कोण मांडतो, त्या दिवसांत फिरलेल्या संदेशांपैकी किती खरे होते, या प्रश्नांवर नववीच्या वर्गाला तीन आठवडे काम पुरेल. भावना दुखावल्याची जाणीव ठेवून ही चर्चा करावी लागेल. भावना आहेत म्हणून ती टाळणे मात्र मुलांवर अन्याय करणारे ठरेल.

ऊसदराचा विषय इथल्या मुलांना घरातूनच माहीत असतो, पण त्यामागचा कायदा बहुधा माहीत नसतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागू होते. २००९ पासून रास्त व किफायतशीर दराची, म्हणजे एफआरपीची पद्धत आली. हे कलम वाचून, बापाच्या पावत्या समोर ठेवून, दिवस मोजणारी मुलगी कायदा समजून घेते. शेतकरी संघटना, कारखान्याचे संचालक मंडळ, सभासदांचे मतदान, साखर आयुक्त, केंद्र सरकार असे सगळे घटक एका उसाच्या मोळीभोवती गोळा होतात. याच हंगामात बीडकडून ऊसतोड मजुरांची कुटुंबे तालुक्यात येतात. त्यांच्या मुलांचे शिक्षण त्या महिन्यांत कोठे चालते, त्यांच्या आईवडिलांचे रेशन आणि मत कोठल्या गावात असते, हे विचारल्याशिवाय या प्रकरणाचा शेवट करू नये. समतेचा धडा इथे आपल्याच शिवारात उभा आहे. बालविवाहाचा विषयही याच ओघात येतो. मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ ही वयाची अट, गावात ग्रामसेवकाकडे असलेली बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी आणि १०९८ हा क्रमांक नववीतल्या प्रत्येक मुलीला पाठ असला पाहिजे.

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेले, आखीव रस्त्यांचे आणि क्रमांकांच्या गल्ल्यांचे गाव. शासनाने विचारपूर्वक निर्णय घेतला तर काय उभे राहते, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. १९०२ चा राखीव जागांचा आदेश, १९१७ चे सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे पाऊल आणि १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता न पाळण्याबद्दल काढलेले हुकूम ही मूळ साधने म्हणून वाचायला द्यावीत. हातकणंगले तालुक्यातील माणगावला मार्च १९२० मध्ये भरलेल्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. ते गाव सहलीच्या अंतरावर आहे. कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी जॉन ड्यूई यांच्याकडून लोकशाहीचा विचार घेतला. लोकशाही ही शासनपद्धती तर आहेच, त्याआधी ती एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा तो विचार. कुंभोजमध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तो आपल्या वाटेने वसतिगृहात उतरवला. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एका पंक्तीत जेवत.

शाळा स्वतः कशी चालते, हा म्हणूनच अभ्यासक्रमाचाच भाग ठरतो. अनेक शाळांत आता मोबाइलमधील मतदानयंत्राच्या अ‍ॅपवर वर्गप्रतिनिधी निवडले जातात. निवडणूक ड्यूटी केलेले शिक्षक मतदान केंद्राध्यक्षाचे काम बारकाव्यांसह शिकवतात. ही मोठी जमेची बाजू. पण निवडून आलेल्या विद्यार्थी मंत्रिमंडळाकडे रांगा लावण्यापलीकडे काम नसेल, तर मुले एवढेच शिकतात की मतदानानंतर काही घडत नाही. ग्रंथालयासाठी पुस्तके निवडणे, क्रीडासाहित्याच्या रकमेचा हिशेब ठेवणे, मुलींच्या स्वच्छतागृहाची तपासणी असे थोडे पण खरे अधिकार त्यांना द्यावेत. मैदान झाडणे चांगलेच. तेवढ्यावर नागरिकत्वाचा तास संपवणे मात्र चुकीचे आहे. घंटागाडी कोणत्या गल्लीत येत नाही, ठेका कोणाकडे आहे आणि त्यावर देखरेख कोण करते, हे विचारले म्हणजे स्वच्छता नागरिकशास्त्रात येते.

नगरपरिषदेबाबत पुस्तक आणि वास्तव यांतील अंतरही लपवू नये. संविधानानुसार पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. प्रत्यक्षात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकल्याने राज्यातील बहुतेक नगरपरिषदा काही वर्षे प्रशासकांकडे राहिल्या आणि निवडणुका डिसेंबर २०२५ पर्यंत लांबल्या. त्या काळात सहावी शिकलेल्या मुलांनी नगरसेवक फक्त पुस्तकात पाहिले. असे का झाले, हे त्यांना नववीत सांगणे शाळेचे कर्तव्य आहे.

लेखनाचा सराव माहितीच्या अधिकारावर घ्यावा. २००५ च्या कायद्यात अर्जदाराच्या वयाची अट नाही, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. नेमके मराठी लिहिण्याची इतकी चांगली कसोटी दुसरी नाही. अर्जापूर्वी कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध केलेली माहिती वाचायला लावावी, म्हणजे उगाच अर्जांचा ढीग पडणार नाही. ज्यांना उत्तर आले नाही, त्यांना प्रथम अपील लिहायला शिकवावे. दिरंगाई आणि अपील हेही शिकण्याचेच विषय आहेत. वर्षअखेरीस, सतराव्या वर्षापासून मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करता येतो हे सांगून अर्जाचा नमुना भरून घ्यावा.

मूल्यमापनात एक पथ्य कडक पाळावे लागेल. विद्यार्थ्याच्या मताला गुण द्यायचे नाहीत. गुण द्यायचे ते अर्जाच्या अचूकपणाला, ग्रामसभेच्या किंवा वर्गसभेच्या लिहिलेल्या इतिवृत्ताला आणि न पटणारी बाजू तिच्या समर्थकालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडण्याला. सायबर कॅफेतून छापून आणलेल्या प्रकल्पवहीऐवजी पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी. वर्गात साठ मुले असली तर ती एका जोडतासात उरकत नाही. दर आठवड्याला सात-आठ जणांप्रमाणे ती दोन महिन्यांत पूर्ण होते. हे काम इतिहासाच्या शिक्षकावर एकट्यावर टाकू नये. ऊसदराचे गणित गणिताच्या तासाला, अर्जलेखन मराठीच्या आणि पुराचे नकाशे भूगोलाच्या तासाला वाटून दिले, तर वेळापत्रकात नवा विषय न घुसवताही अभ्यासक्रम वर्षभरात बसतो.