बाहेरचा पारा, घरातला आकडा



निफाडकडचे द्राक्षबागाईतदार डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून पारा पाहतात, ते काही हौस म्हणून नव्हे. पारा फार उतरला तर बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकने पाणी सोडायचे, अशी त्यांची धावपळ असते. आता हा आकडा घरात बसून पाहण्याची सोय झाली आहे. बाहेर टांगायचा एक लहानसा सेन्सर आणि घरात ठेवायचा एक दर्शक, असे हे बिनतारी यंत्र. काही शाळाही ते घेतात. ते कसे बसवावे आणि बिघडले तर काय पाहावे, एवढेच आज सांगणार आहे.

सेन्सरमध्ये साधारणपणे एक बारीक मणी असतो. उष्णतेप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून काढलेले तापमान सेन्सर मिनिटा-मिनिटाने रेडिओलहरींवरून घरात पाठवतो. चिमुकले आकाशवाणी केंद्रच म्हणा ना!

प्रथम दोन्ही भाग एकाच टेबलावर ठेवा. बहुतेक यंत्रांत आधी सेन्सरमध्ये सेल घालायचे, मग दर्शकात. सेन्सरवर १, २, ३ असे चॅनेलचे बटण असेल, तर दर्शकावरही तोच चॅनेल लावा. आकडा उमटेपर्यंत पाचदहा मिनिटे धीर धरा. मग तासभर शेजारी शाळेतला काचेचा तापमापक ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहा. एखाद्या अंशाचा फरक चालायचाच.

आता जागा. हवेचे तापमान मोजायचे, उन्हाचे नव्हे. म्हणून सेन्सर सावलीत, वारा खेळता राहील असा, जमिनीपासून चार ते साडेसहा फूट उंचीवर टांगावा. वेधशाळेतली झडपांची पांढरी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यामागचा हेतू हाच. पत्र्याखाली किंवा दगडी भिंतीला चिकटवून तो लावू नका. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडते आणि आकडा चढा येतो.

यंत्राबरोबरच्या पत्रकात बहुधा ‘उत्तरेच्या भिंतीवर लावा’ असे असते. हा सल्ला थंड, उत्तरेकडच्या देशांचा. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, वायव्येला मावळतो. तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ ऊन येतेच. यास्तव भिंतीपेक्षा वर छप्पर असलेली झडपांची पेटी बरी.

दर्शकावर आकड्याऐवजी नुसत्या रेघा दिसू लागल्या, तर घाबरू नका. आधी सेल बदला; जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. चार्ज करायच्या सेलचा दाब थोडा कमी असतो, त्याने काही सेन्सर लवकर गप्प होतात. सेल बसतो त्या पट्टीवर हिरवट गंज असेल, तर पॉलिश पेपरने हलकेच घासा. एवढे करूनही आकडा येत नसेल, तर सेन्सर दर्शकाजवळ आणा. जवळ आल्यावर तो बोलू लागला, म्हणजे दोष अंतराचा किंवा अडथळ्याचा. पेटीवर लिहिलेले शंभर मीटर हे मोकळ्या मैदानातले. मधे पत्रा, सळयांचा स्लॅब किंवा लोखंडी कपाट आले की ते बरेच कमी होते. दर्शक कपाटावरून, टीव्ही-इन्व्हर्टरजवळून हलवून खिडकीत ठेवून पाहा. बाग दोन शेते पलीकडे असेल, तर हे यंत्र तिथवर पोचणारच नाही.

पण गप्प बसलेले यंत्र निदान फसवत तरी नाही. खरा धोका चुकीच्या आकड्याचा. दुपारी आकडा एकदम पाचसात अंश चढला, तर ऊन पडते आहे. पावसानंतर विनाकारण उतरला, तर सेन्सर ओला आहे. पाणी सुकताना उष्णता घेते. आकडा आपल्या हवेशी मुळीच जुळत नसेल, तर शेजाऱ्याचा त्याच चॅनेलवरचा सेन्सर ऐकू येत असेल! पेटीत मुंग्यांनी, गांधीलमाशांनी घर केले आहे का, तेही अधूनमधून पाहावे.

शेतकरी बंधूंनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा पाच फुटांवरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड असू शकते. घराच्या ओसरीवर आठ अंश असले, म्हणून सखल रानातही आठच असतील असे नाही. आपला सेन्सर जिथे टांगला आहे, तिथलेच तो सांगतो. म्हणून थंडी पडण्यापूर्वी चार-सहा पहाटे बागेत घडांच्या उंचीवर साधा तापमापक लावा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि फरक ओळखून ठेवा. पुढे घरचा आकडा पाहून बागेचा अंदाज घेता येईल.

शिक्षक मित्रहो, हेच काम मुलांना द्या. रोज ठरल्या वेळी दोन आकडे, वहीत दोन रकाने. फरक का पडला, हे मुले विचारू लागली, की यंत्राचे पैसे वसूल झाले असे समजावे.