अष्टवर्गाची आमरी आणि काचेची बाटली

गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलाने च्यवनप्राशाच्या बरणीवरील घटकांची यादी वहीत उतरवून आणली आणि विचारले, “सर, यातला जीवक कसा दिसतो?” मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती आले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी आणि वृद्धी या आठ वनस्पतींना आयुर्वेदात अष्टवर्ग म्हणतात. त्यांपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी व वृद्धी या चार आमरीच्या, म्हणजेच ऑर्किडच्या कुळातील होत, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. त्यांचे घर हिमालयाच्या उतारांवर आहे. त्या इतक्या दुर्मिळ की, राजालाही त्या मिळणे कठीण, असे सोळाव्या शतकात भावमिश्राने नमूद केले आणि जीवक-ऋषभकांऐवजी विदारीकंद व ऋद्धी-वृद्धींऐवजी वाराहीकंद घ्यावा, असे सुचविले. दुर्मिळता जुनीच, पण आज मागणी बाजारपेठेची आहे. शिवाय औषध असते ते कंदात. कंद खणला की झाडच संपले!

मग बी का पेरू नये? आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात. परंतु धुळीसारख्या बारीक. गव्हाच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी असते, तशी या बीजात नसते. जमिनीतील विशिष्ट बुरशीने अन्न पुरविले तरच ते रुजते. हे रहस्य फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ साली उलगडले. पुढे १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी दाखवून दिले की, साखर व क्षार घातलेल्या आगरावर बुरशीवाचूनही हे बी रुजते. आजची प्रयोगशाळा याच वाटेने चालते. कोवळे बोंड निर्जंतुक करून उघडतात, बी बाटलीत पेरतात, हिरवे ठिपके उमटतात, त्यांना पाने-मुळे फुटतात. १९६० साली जॉर्ज मोरेल यांनी खोडाच्या कोवळ्या शेंड्यापासून आमरीची रोपे वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. जळगावकडील शेतकऱ्यांना केळीची ऊतिसंवर्धित रोपे परिचित आहेत; तत्त्व तेच.

पण येथे सावध राहिले पाहिजे. एकाच शेंड्यापासून केलेली रोपे एकमेकांची हुबेहूब प्रतिरूपे असतात. एक रोग आला तर साऱ्यांनाच धोका. रानात परत लावावयाची रोपे म्हणूनच शक्यतो निरनिराळ्या झाडांच्या बियांपासून केलेली असावीत. बाटलीतील दमट हवेत वाढलेले नाजूक रोप बाहेरच्या वाऱ्याला हळूहळू सरावावे लागते. त्यात पुष्कळ रोपे दगावतात. जी तगतात त्यांनाही रानात ती बुरशी हवी, परागीभवन करणारा कीटक हवा, वरची सावली हवी. यांतले काहीही बाटलीत तयार होत नाही.

तेव्हा प्रयोगशाळेचे खरे काम रानाची जागा घेण्याचे नव्हे. औषधासाठी लागणारा कंद वाफ्यातून मिळावा आणि रानातील कंदावरची कुदळ थांबावी, हे आहे. कुदळ थांबली नाही, तर हजार बाटल्याही अपुऱ्या पडतील.

त्या मुलाला मी जीवकाचे चित्र दाखविले. त्याने लगेच विचारले, “सर, खरा कधी दाखवाल?” श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर एकट्या शिक्षकाने देण्यासारखे नाही.