तुडवलेलें कुरण आणि त्याची डागडुजी

भाताच्या लावणीपूर्वीं कोंकणांतील शेतकरी खाचरांत पाणी साठवितो, नांगर फिरवितो आणि चिखलणी करतो. या कामांत बैलांच्या खुरांचा वाटा मोठा असतो, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. चिखलणीनें मातीचीं ढेंकळें मोडून कण दाट बसतात, मधल्या पोकळ्या बुजतात आणि पाणी खालीं मुरेनासें होतें. भाताला तें मानवतें, कारण त्याच्या मुळांपर्यंत हवा देठांतून उतरते. माळावरच्या बहुतेक चांगल्या गवतांना ती सोय नाहीं. पावसाळ्यांत ओल्या कुरणावर गुरें हिंडूं लागलीं, म्हणजे तेथेंही चिखलणीच होते. फक्त ती कोणाला नको असते.

भिवंडी तालुक्यांत हा प्रश्न आज विशेष जड झाला आहे. एके काळीं ठाणें जिल्ह्यांतील वरकस माळांवरचें गवत गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे. पुढें शहराभोंवतालच्या पुष्कळ जमिनीवर गोदामें उभीं राहिलीं, आणि उरल्यासुरल्या कुरणावर गुरांचा भार वाढला. दोन म्हशींवर घर चालविणाऱ्या माणसाला एवढेंसें कुरण बिघडलें, तरी पेंढा विकत घ्यावा लागतो, आणि दुधाचा पैसा दारांतूनच परत जातो.

पाऊस येथें चार महिन्यांत साधारण २,५०० मिलिमीटर पडतो. चार-पांचशें किलो वजनाची म्हैस चालतांना तो भार एका वेळीं दोन-तीन खुरांवरच पेलते. भुई कोरडी असेल तर ती हें सोसते. ओली असेल तर खूर वीतभर रुततो. म्हणजे कुरणाचा नाश गुरांच्या तोंडापेक्षां त्यांच्या पायांनीं अधिक होतो. फाटक, पाण्याचें टांकें आणि नेहमींची वाट हीं ठिकाणें सर्वांत आधीं जातात. म्हशीला तर चिखल हेंच सुख. तिला समजावून कांहीं व्हावयाचें नाहीं!

नुकसान ओळखण्याची रीत सोपी आहे. पाऊस उघडून अर्धा दिवस लोटला तरी खुरांच्या खळग्यांत पाणी तसेंच दिसलें, तर कुदळीनें थोडें खणून पाहावें. वरची चार-सहा बोटें माती करडी-निळसर, चिकट आणि कुजकट वासाची लागते. खालचा थर मात्र मोकळा असतो. अशा जागीं मारवेल आणि शेडा मागें हटतात, आणि टाकळा व लव्हाळा पुढें सरसावतात. टाकळ्याला गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून तो माजतो. हिरवें दिसतें म्हणून कुरण सांवरलें, असें समजूं नये.

पहिला उपाय म्हणजे गुरें बाहेर काढणें. दुसरा, साचलेलें पाणी उथळ चर काढून उताराकडे नेणें. त्यानंतर कांहींही न करणें हाच तिसरा उपाय, आणि तोच लोकांना जमत नाहीं! ओल्या जमिनींत नांगर घातला, तर त्याच्या तळाशीं आणखी एक घट्ट थर बसतो. मूठभर माती हातांत दाबून पाहावी. तिचा गोळा होत असेल तर थांबावें, भुगा होत असेल तर कामाला लागावें.

येथें जमिनीचा भेद लक्षांत घेतला पाहिजे. सखल भागांतील काळी चिकण माती वाळतांना आक्रसते, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि घट्ट थर पुष्कळसा आपोआप फुटतो. तेथें धीर धरणें हीच अर्धी मशागत. वरकसाच्या उथळ, मुरमाड जमिनीला असें वळण नाहीं. तिथें पहारीनें किंवा अरुंद फाळानें थर फोडावा, पण माती उलथूं नये. उलथली तर जिवंत राहिलेले गवताचे बुंधे वर येऊन वाळतात. मग फळी फिरवून खळगे भरावे आणि मे महिन्यांत कुजलेलें शेणखत पातळ पसरावें.

मृगाचा पाऊस बरा मुरला, कीं मारवेलीचे मुळांसह ठोंब हातभर अंतरानें लावावे. मधल्या जागेंत स्टायलोचें बी फेकावें. तें द्विदल असल्यानें हवेंतील नत्र जमिनीला मिळवून देतें. त्या पावसाळ्यांत तेथें एकही गुरूं सोडूं नये. गवत विळ्यानें कापून गोठ्यांत घालावें. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें चराईबंदी केली, ती कोरड्या मुलखांत. भिवंडीच्या चिखलांत तिची गरज निदान पावसापुरती अधिकच आहे.

ज्यांना गुरें बाहेर काढल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यांनीं न्यूझीलंडमधील गोपालकांची रीत पाहावी. ते ओल्या दिवसांत गाई तीन-चार तास चारतात आणि मग कडक केलेल्या वेगळ्या आवारांत नेऊन उभ्या करतात. भिवंडीस असें आवार मुरूम-दगड टाकून गोठ्यालगत करतां येईल. फाटकाशींही तोच मुरूम पसरावा, आणि पाण्याचें टांकें उंच, निचऱ्याच्या जागीं हलवावें.

दुसऱ्या वर्षीं पाऊस ओसरल्यावर, आश्विनांत, गुरें सोडण्यापूर्वीं गवताचा एक झुपका मुठींत धरून पिरगाळून ओढावा. पातें तुटून हातीं आलें तर फाटक उघडावें. मुळासकट उपटून आलें तर विळाच चालूं ठेवावा.