रक्ताच्या पिशवीतील नळाचे पाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



रक्तदान शिबीर हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक परिचित विधी आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस असो वा हुतात्म्यांची पुण्यतिथी, मांडव पडतो, खाटा मांडल्या जातात, दात्याला बिस्किटे आणि प्रमाणपत्र मिळते व पिशव्यांचा आकडा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येतो. त्या पिशवीतून पुढे काय जाते, हा प्रश्न मांडव उतरल्यावर सहसा कोणी विचारीत नाही.

रक्ताचे अर्थशास्त्र गंभीरपणे मांडले ते रिचर्ड टिटमस यांनी. १९७० साली निघालेल्या 'द गिफ्ट रिलेशनशिप' या ग्रंथात त्यांनी ब्रिटनमधील ऐच्छिक दान आणि अमेरिकेतील रक्ताचा बाजार यांची तुलना केली. पैशासाठी रक्त विकणारा आपल्याला होऊन गेलेली कावीळ लपवितो, कारण ती सांगितली तर त्याचा पैसा बुडतो. दान करणाऱ्यास खोटे बोलण्याचे प्रयोजनच नसते. म्हणजे बाजार नीतीच्याच नव्हे, तर मालाच्या गुणवत्तेच्या कसोटीवरही नापास होतो. केनेथ ॲरो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाला १९७२ मध्ये त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले, यावरून घाव वर्मी बसला होता हे दिसते. भारतात 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. टिटमस यांचा विचार आपल्याकडे रुजावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला.

परंतु हिपॅटायटिस ई या विषाणूपुढे हा विचार अपुरा पडतो. या विषाणूची लागण झालेल्या पुष्कळ प्रौढांना काहीच होत नाही. ज्यांना कावीळ होते त्यांच्याही रक्तात विषाणू आधीच उतरलेला असतो. असा दाता काही लपवीत नाही. तो प्रामाणिक आहे, निरोगी दिसतो, आणि त्याच्या दानातून रोग जाऊ शकतो. इंग्लंडच्या आग्नेय भागात २०१२-१३ मध्ये २,२५,००० रक्तदानांची तपासणी झाली, तीत ७९ दात्यांच्या रक्तात हा विषाणू आढळला. ज्या ४३ रुग्णांना असे रक्त मिळाल्यावर त्यांचा पाठपुरावा करता आला, त्यांपैकी १८ जणांना लागण झाली होती. हे दाते सर्व स्वेच्छेने आलेले होते, हे ध्यानात घ्यावे.

युरोपात हा विषाणू मुख्यतः नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून येतो. ज्यांच्यावर अवयवरोपण झाले आहे आणि औषधांनी ज्यांची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली आहे, अशांच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो. म्हणून आयर्लंडने २०१६ पासून, ब्रिटन व नेदरलँड्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२० मध्ये प्रत्येक रक्तदानाची चाचणी सुरू केली. ब्रिटनने आरंभी केवळ अशा नाजूक रुग्णांसाठीच तपासलेले रक्त राखून ठेवले होते. पण दोन प्रकारचे साठे सांभाळणे जिकिरीचे ठरले, आणि सर्वांचेच रक्त तपासणे सोयीचे वाटू लागले. सार्वत्रिक योजना नेहमी खर्चिक आणि निवडक योजना नेहमी काटकसरीची, असे मानणाऱ्या आपल्या नियोजनकारांनी या उदाहरणाचा अभ्यास करण्यास हरकत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथील विषाणूची जात निराळी आहे आणि तिचा मार्ग मांसाचा नसून पाण्याचा आहे. १९५५-५६ मध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे फिरून वजिराबादच्या पाणी उपशाच्या ठिकाणी पोहोचले आणि दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. क्लोरीनची मात्रा वाढविल्यामुळे विषमज्वर आटोक्यात राहिला. काविळीला मात्र आवर बसला नाही. महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीने हाच अनुभव घेतला. कारण बहुधा साधेच असते. नळ काही तास येतो आणि बंद होतो. बंद झाला की जलवाहिनीतील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. चोवीस तास भरलेल्या वाहिनीत हे घडणे कठीण. ज्या वस्तीला दिवसाआड पाणी मिळते, तिला पाण्याबरोबर आणखी काय मिळते, हे यावरून समजावे.

हा रोग बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो. गर्भवतीला मात्र तो सोडीत नाही. शेवटच्या तिमाहीत लागण झालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २० ते २५ पर्यंत जाते. आणि रक्त कोणाला लागते? रक्तक्षयाने खंगलेल्या गर्भवतीला, प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेल्या बाळंतिणीला. रक्त मिळालेल्या रुग्णांत या विषाणूची लागण झाल्याचे पुण्यातील संशोधकांनी दोन दशकांपूर्वीच नोंदविले आहे. तरीही एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया या आपल्या पाच सक्तीच्या तपासण्यांत हिपॅटायटिस ई नाही.

यावर दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, युरोपाप्रमाणे प्रत्येक पिशवी तपासा. दुसरे म्हणते, आधी पाणी शुद्ध करा, रक्ताचे मग पाहू. पहिल्यात अनुकरण आहे. लागणीचे मूळ नळात असताना सारा पैसा प्रयोगशाळेत ओतला, तर गर्भवती ते पाणी पीतच राहणार. दुसरे उत्तर तत्त्वतः खरे असूनही निर्दय आहे, कारण जलवाहिन्या बदलण्यास वर्षे लागतात आणि बाळंतीण तोवर थांबत नाही. गर्भवती व अवयवरोपणाच्या रुग्णांसाठीचे रक्त, आणि साथीच्या काळात त्या भागातील सर्व रक्त सरकारी खर्चाने तपासावे, ही मागणी आजही परवडणारी आहे. नवी वाहिनी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसते. फुटक्या वाहिनीचा खर्च मात्र कुटुंबाच्या डोक्यावर बसतो आणि कोणत्याही हिशेबात येत नाही. अंदाजपत्रक तुटीचे की शिलकीचे, हे यामुळेच फसवे ठरते.

लागणीपासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. तेव्हा यापुढे शिबिराची तारीख ठरविताना त्या प्रभागात गेल्या दोन महिन्यांत काविळीचे किती रुग्ण आढळले, हे आरोग्याधिकाऱ्यास लेखी विचारावे. रुग्ण वाढत असतील तर शिबीर दुसऱ्या वस्तीत न्यावे, आणि ठरल्या दिवशी त्याच मांडवात पाणीपुरवठा अभियंत्याला बोलावून वाहिनीचा नकाशा लोकांपुढे मांडावयास लावावा.